सल्ला: स्वतःचा विडीचा ब्रँड काढायचाय, पंधरा लाख आहेत, काढू का?

पत्र (थोडं कापून देतेय, नाव-गाव ओळखू येईल असं सगळं काढलंय):

"ताई, मी ३२ वर्षांचा, मूळ सोलापूरचा. पुण्यात एका बिस्किट-नमकीनच्या कंपनीत डिस्ट्रिब्युशन बघतो. आई पूर्व भागात लग्नाआधीपासून विड्या वळायची, घरात आम्ही तेलुगू बोलतो, आम्ही दोघं भाऊ तिच्या विड्यांवर शिकलो. आता मला नोकरी सोडून सोलापुरात छोटा, स्वतंत्र विडी ब्रँड काढायचाय. बड्या कारखानदारांसारखं पिळणं नको, बायकांना नीट मजुरी, चांगलं पान, बिनकेमिकल ऑरगॅनिक तंबाखू, एकदम भारी पॅकिंग आणि इन्स्टावर मार्केटिंग. पंधरा लाख जमलेत, बाकी सरकारी योजनेतून लोन काढीन. मित्र म्हणतो विडीवरचा टॅक्स कमी झालाय, हीच वेळ. आई म्हणते काहीही कर पण हे नको, कारण मात्र सांगत नाही. लायसन काय काय लागतील? चालेल का हा धंदा? विडी नसेल तर दुसरं काही तंबाखूचं? (आईचा पीएफ पण अडकलाय, तो वैताग वेगळाच.)"

उत्तर:

अरे, आईच्या कष्टांची आठवण ठेवून धंद्यात उतरणारी पोरं कमी भेटतात, त्यामुळे पत्राचा पहिला भाग वाचून बरं वाटलं, आणि पुढचा वाचून पोटात गोळा आला. कारण तू ज्याच्या जोरावर उतरायचं म्हणतोयस, म्हणजे भारी पॅकिंग, इन्स्टा, ऑरगॅनिकचा शिक्का, नीट मजुरी आणि सरकारी लोन, त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी कायद्यात अडकतात, चौथी तुला एकट्याला महागात जाणार आहे आणि पाचवी मिळणार नाही. मग तुझ्याकडे उरलं काय? पंधरा लाख आणि उत्साह. एकेक सांगते.

लायसनपासून सुरू करू, कारण तू तेच पहिलं विचारलंयस आणि गंमत म्हणजे सगळ्यात सोपा भाग तोच आहे. सिगारेट काढायची असती तर १९५१ च्या कायद्याखालचं दिल्लीचं इंडस्ट्रियल लायसन लागलं असतं, तो आपल्यासारख्यांचा विषयच नाही. हाताने वळलेल्या विडीला ते लागत नाही. कारखान्याच्या जागेला मात्र लायसन लागतं, आधी ते १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखाली मिळायचं, आता २१ नोव्हेंबर २०२५ ला नवीन लेबर कोड लागू झाले आणि तो कायदा सेफ्टी-हेल्थवाल्या कोडमध्ये गेला, पण विडीच्या जागेला लायसन हवं ही अट तिथेही आहे. मग सेंट्रल एक्साइज. जीएसटी आल्यावर एक्साइज गेला असं सगळ्यांना वाटतं, तर बाबा तंबाखूवरचा गेलेला नाही, विडीवर रक्कम किरकोळ असली तरी खातं तुझ्या मागे लागणारच, तेव्हा सीएकडे गेलास की पहिला प्रश्न हा विचार. बाकी जीएसटी नंबर, पीएफ कोड, महापालिका, ट्रेडमार्क, हे तुला सांगायला नको. चकरा होतील, चपला झिजतील, पण कागद मिळतील. कागद मिळत नाहीत म्हणून विडीचा धंदा बुडाला असं मी तरी ऐकलेलं नाही, तो बुडतो वेगळ्याच कारणांनी.

तुझ्या मित्राचं टॅक्सचं म्हणणं खरंय, पण अर्धंच. १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि विडी ज्यात वळतात त्या टेंदूच्या पानावरचाही आता ५ टक्केच आहे. सिगारेट, जर्दा, गुटखा ४० वर गेले, वर एक्साइज वेगळा, त्यामुळे विडी स्वस्तात सुटली असं दिसतं. पण हा १८ टक्के मोठ्या कारखानदारालाही १८ च आहे ना! छोट्याला म्हणून ज्या सवलती असतात त्या तंबाखूला नाहीत. ठोक कमी दराने टॅक्स भरायची कंपोझिशन स्कीम नाही, माल विकणाऱ्याला जी ४० लाखांच्या टर्नओव्हरपर्यंत नोंदणीची सूट असते तीही तंबाखूवाल्याला नाही. शिवाय शेतकऱ्याकडून थेट तंबाखूचा पाला उचललास तर त्यावरचा टॅक्स रिव्हर्स चार्जमध्ये तूच भरायचा, आणि एकदा रिव्हर्स चार्ज लागू झाला की टर्नओव्हर कितीही असो, नोंदणी पहिल्या दिवसापासून. समज तुझा कट्टा, म्हणजे विड्यांचं बंडल, २५ रुपये एमआरपीने विकला गेला, तर त्यात पावणेचार रुपयांच्या वर नुसता जीएसटी आहे. पान, तंबाखू, कागदावर भरलेला टॅक्स वळता होईल, पण विडीत खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा मजुरीचा आणि मजुरीवर काही वळतं होत नाही. बिस्किटाचं मार्जिन डोक्यात ठेवून इथला हिशोब करू नकोस.

आता खरी गोम कुठे आहे ते सांगते.

२००३ चा तंबाखूचा कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, तो नीट वाच. पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंवर ८५ टक्के जागा धोक्याच्या सूचनेला द्यायची, १ एप्रिल २०१६ पासून ही सक्ती आहे, ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. एक विडीचा कट्टा हातात घेऊन बघ, वर रुंद खाली निमुळता, भोवती पातळ कागद. त्या कागदावर सडलेल्या जबड्याचा नाहीतर तसलाच फोटो, खाली तंबाखूने वेदनादायक मृत्यू होतो असा नाहीतर तसलाच मजकूर, आणि त्यात १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर. म्हणजे तुझं गिऱ्हाईक तुझ्यापासून तोडायचा नंबर तूच स्वतःच्या पैशाने छापायचा. उरलेल्या बोटभर जागेत नाव, पत्ता, किंमत. तिथे तू कसलं भारी पॅकिंग करणार आहेस, सांग बरं? आणि ती चित्रं कायमची नसतात, मंत्रालय ठराविक काळाने बदलतं, त्या तारखेनंतर जुनं लेबल चालत नाही. मोठा कारखाना आठवडाभरात लेबलं संपवतो. तू स्वस्त पडतं म्हणून दोन लाख लेबलं एकदम छापशील आणि त्यातली दीड लाख रद्दीत जातील. सूचना न छापता किंवा लहान छापून माल काढलास तर उत्पादकाला पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. दंडाची रक्कम बघून लोक हसतात, कैदेचा आकडा मात्र वाचत नाहीत.

इन्स्टाचं विसरच. कलम ५ मध्ये जाहिरात सरसकट बंद आहे, थेट असो की आडवळणाची. रील, इन्फ्लुएन्सर, टीशर्ट, गणपती मंडळाच्या कमानीवर नाव, सगळं त्यात येतं. टपरीवर बोर्ड लावायचा तर तो ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, आणि त्यावर धोक्याची सूचना आणि इथे तंबाखूचे कुठले पदार्थ मिळतात एवढंच, ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचा फोटो नाही. फुकट चाखायला वाटावं म्हणशील तर तेही प्रमोशनच. आणि नवीन विडी माणूस पहिल्यांदा ओढून बघतो कशी? टपरीवर एक सुटी मागून. महाराष्ट्रात २४ सप्टेंबर २०२० च्या आदेशाने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी आहे. टपऱ्यांवर काय चालतं ते मलाही दिसतं, पण ज्या गोष्टीला बंदी आहे तिच्यावर तू तुझा लाँच प्लॅन बसवू शकत नाहीस.

म्हणजे बघ, तू इतकी वर्षं ज्या कामात मुरलायस, नवीन माल दुकानात कसा घुसवायचा, स्कीम, सॅम्पल, डिस्प्ले, पोस्टर, यातलं एकही हत्यार इथे चालत नाही. ते जुन्यांनाही चालत नाही, मान्य, पण त्यांना त्याची गरज कुठाय? विडी ओढणारा माणूस टपरीवर जाऊन शेल्फ न्याहाळत बसत नाही, नाव घेतो, सुटे पैसे ठेवतो आणि निघतो. ते नाव त्याच्या बापाच्या, आज्याच्या तोंडून आलेलं असतं. पुण्याच्या साबळे-वाघिऱ्यांची संभाजी बिडी १९३२ पासूनची. छत्रपतींच्या नावाने विडी नको म्हणून २०२० मध्ये जोरदार आंदोलन झालं आणि कंपनीने नाव बदलून साबळे बिडी केलं. आता विचार कर, एवढं जुनं नाव बदलताना गिऱ्हाइकाला सांगायचं कसं, जाहिरात तर करता येत नाही, तेव्हा इतक्या वर्षांचा टपरीवाल्यांशी असलेला संबंधच कामी येणार ना. तुझ्याकडे तो नाही, आणि नवीन जोडायला वेळ लागतो, आणि त्या वेळात तुझे पंधरा लाख टपरीवाल्यांच्या उधारीत बसलेले असतील. जाहिरातबंदी हवीच, मी तिच्या बाजूने आहे, पोरांच्या डोळ्यांसमोर हे नकोच. पण तिचा एक उलटा परिणाम असा की जुना ब्रँड आपोआप कुंपणाच्या आत आणि नवा माणूस बाहेर.

बरं, आत तरी किती बाजार आहे? सरकारचा २०१६-१७ चा तंबाखूचा मोठा सर्व्हे आहे, त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के, तेही सिगारेट-विडी सगळं धरून. आपल्याकडे खाणारे जास्त, तब्बल २४.४ टक्के. तू म्हणशील मग खाण्याचंच काढतो, विचारलंयसच तू दुसरं काही तंबाखूचं का म्हणून. तर गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद, सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी त्याच्या पुढच्या वर्षापासून, राज्याचं अन्न-औषध खातं, म्हणजे एफडीए, दरवर्षी आदेश नवा करतं. व्हेपवर २०१९ पासून देशभर बंदी, पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. हुक्का पार्लर २०१८ ला गेले. शेजारच्या राज्यातून आणून इथे विकणारे आहेत, त्यांच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या रोज येतात, त्या बातमीत तुझं नाव नको.

ऑरगॅनिकबद्दल दोनच वाक्यं. विडीच्या धुरात टार, निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं, उलट जास्तच जातं, कारण टेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही आणि विडी विझू नये म्हणून जोरात ओढावी लागते. तंबाखू खत न घालता पिकवला तरी यात काडीचा फरक पडत नाही, आणि पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असल्या दिशाभूल करणाऱ्या शब्दांना जी बंदी आहे त्याच रांगेत उद्या तुझा ‘ऑरगॅनिक’ आणि ‘बिनकेमिकल’ जाऊन बसेल. मला विचारशील तर बसायलाच हवा.

आता मजुरी, जो तुझ्या पत्राचा सगळ्यात चांगला भाग आहे आणि म्हणून त्यावर जास्त बोलते.

घरातलं चित्र तुला माहितीच आहे. कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि सूत आणायचं, पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने एकसारखं कापायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूट भरायची, वळायची, टोक नखाने दुमडायचं, सुताचा वेढा. हजार विड्या म्हणजे दिवस गेला. मग ब्रँचमध्ये रांग, आणि तिथे चेकर मूठभर विड्या उचलून दाबून बघणार, ही सैल, ही आखूड, छाट! छाट काढलेल्या विडीचे पैसे नाहीत. पान कमी पडलं किंवा फाटकं निघालं तर बाई स्वतःच्या पैशाने बाजारातून पान आणून हजार भरून देते. हे तुझ्या आईने केलं असणार, विचार तिला.

आता हे सगळं तू ‘नीट’ करायचं म्हणतोस. म्हणजे काय काय? किमान वेतन पूर्ण द्यायचं, जे पुष्कळ ठिकाणी कागदावर पूर्ण आणि हातात कमी असतं. पीएफ भरायचा, विडीला तो १२ नाही १० टक्के आहे, पण भरायचा, आणि बाई घरी बसून वळते म्हणून ती कामगार नाही असं म्हणता येत नाही, तो वाद सुप्रीम कोर्टात १९८५ लाच मिटलाय, मध्ये ठेकेदार घातलास तरी जबाबदारी तुझी. बोनस, ग्रॅच्युइटी. आणि चांगलं पान. टेंदूचं पान गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून उन्हाळ्यात येतं, ७० पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग. मोठे कारखानदार आणि ठेकेदार लिलावात, किंवा आता कित्येक ठिकाणी थेट ग्रामसभांकडून, अख्खे लॉट उचलतात, वर्षभराचं पान एका हंगामात, पैसे आधी. तू पाच-दहा बॅगा घेणारा, तुला कुणा व्यापाऱ्याकडून उरलेलं मिळणार, आणि उरलेलं म्हणजे फाटकं, जाड शिरांचं. वाईट पान गेलं की छाट वाढते. ते नुकसान तू सोसलंस तर कट्टा महाग होतो, बाईवर ढकललंस तर तू पण त्यांच्यातलाच झालास. बरं महाग विकावा, तर विडी ओढणारा माणूस दोन रुपये वाढले की ब्रँड बदलतो, आणि नीट मजुरी देऊन वळलेली विडी आहे असं त्याला सांगायला तुझ्याकडे जागा नाही, पाकिटावर नाही, बोर्डवर नाही, फोनवर नाही.

सोलापुरात छोटे कारखानदार टिकतात कसे मग, असं तू विचारशील. काही खरंच जुने, घराण्याचे आहेत. बाकी कुणाचा नामवंत ब्रँडशी मिळताजुळता रंग आणि नाव असतं, कुणाच्या रजिस्टरमध्ये शंभर बायका आणि प्रत्यक्षात चारशे, कुणाचा अर्धा माल बिलाशिवाय जातो. या धंद्यात छोट्याला मोठ्यापेक्षा स्वस्त पडायचा एकच मार्ग उरलाय, तो म्हणजे काहीतरी बुडवायचं, टॅक्स नाहीतर मजुरी. तुला यातलं काहीच बुडवायचं नाहीये, म्हणूनच म्हणते, हा धंदा तुझा नाही. आणि सोलापूरची विडी कामगार संघटना तुला माहितीये, कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांनी कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडीवाल्या बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी करून दाखवलीय. तिथल्या बायकांना आपला हक्क समजावून सांगायला कुणी बाहेरून यावं लागत नाही, आणि पैसे थकले म्हणून तू घरकुलच्या रस्त्याने तोंड चुकवत जाशील ते तुलाच सहन होणार नाही.

लोनचं राहिलं. सरकारची लोन-सबसिडीची जी योजना आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती म्हणजे पीएमईजीपी, तिच्या नियमात नकारात्मक यादी आहे, तीत विडी, पान, सिगार, सिगारेट बनवणं आणि विकणं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे सबसिडी शून्य. बँक स्वतःच्या जबाबदारीवर देईल कदाचित, पण घर तारण मागेल. कुठलं घर? जे विड्या वळून झालं तेच ना.

आईबद्दल. ती कारण सांगत नाही असं तू लिहिलंयस, मी तिच्या तोंडी माझं कारण घालणार नाही. पण तू तिला हो की नाही विचारलंयस, दुसरं काही विचारलं नाहीस असं पत्रावरून वाटतं. एक दिवस सुट्टी काढून जा आणि तिला तो धंदा विचार, मालक म्हणून विचार. कुठल्या ब्रँचचं पान बरं असायचं, छाट किती निघायची, कोणत्या महिन्यात काम बंद पडायचं, पैसे कुणी वेळेवर दिले, शेजारच्या किती जणींना खोकला लागला. तुझ्या सीएपेक्षा जास्त आकडे तिच्याकडून मिळतील. देशात तंबाखूने वर्षाला साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं जातात, हा आकडा तू कुठेतरी वाचून पुढे गेला असशील. वळणाऱ्या बायकांच्या खोकल्याला, डोळ्यांना, कंबरेला तर असा आकडापण नाही, तंबाखूची धूळ घरभर, रांगणारं पोर त्यातच. मी माझं मत लपवत नाही, मला स्वतःला यात पैसे घालायला आवडणार नाहीत. पण मला आवडत नाही म्हणून तू करू नकोस असं मी म्हणत नाहीये, हिशोबच बसत नाही म्हणून म्हणतेय.

बायकांना नीट काम द्यायचंय हा जर तुझा खरा हेतू असेल, तर केरळात कण्णूरला काय झालं ते बघ. १९६६ चा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा तिथल्या खाजगी कारखानदारांनी कारखाने बंद केले, हजारो कामगार रस्त्यावर आले, आणि १९६९ मध्ये त्यांनी दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली, सरकारच्या पाठिंब्यावर. नीट मजुरी, पीएफ, सगळं दिलं, आणि ती चालली, एके काळी चाळीस हजारांच्या वर माणसं होती. म्हणजे तुझं स्वप्न अशक्य नव्हतं, पण ते इतक्या माणसांनी, सरकार पाठीशी घेऊन आणि जाहिरातबंदीच्या आधीच्या काळात केलेलं होतं. आणि पुढे विडीचा खप उतरायला लागल्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच संस्थेने नारळाचं दूध, मसाले, लोणची, छत्र्या, कपडे असे उद्योग सुरू केले. जे लोक विडीत सगळ्यात चांगले होते तेच विडीतून बाहेर पडायची वाट शोधत होते, आणि तू आता आत शिरतोयस.

तुझ्याकडे दोन खऱ्या गोष्टी आहेत. एक, दुकानात माल कसा लावायचा हे तुला येतं. दोन, पूर्व भागातल्या बायका तुला ओळखतात, आणि तिथे बाहेरच्या माणसावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. या दोन गोष्टी जिथे वापरायला बंदी नाही असा माल धर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी म्हटलं की तू नाक मुरडशील, सगळेच करतात म्हणशील. करतात, पण पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या पाकिटांतली अर्धी भाकरी चुरा झालेली असते आणि चटणीला महिन्याभरात खवट वास येतो, आणि हे पॅकिंगचे आणि फिरतीचे प्रश्न आहेत, म्हणजे तुझ्या नोकरीतलेच. शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई सोलापुरात मोठी आहे, तिथे हाताला सफाई असलेल्या बायका लागतात. यातल्या कशाचंही भारी पॅकिंग कर, रील काढ, फुकट वाट, बोर्ड भिंतीएवढा लाव. पीएमईजीपीत उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो आणि सबसिडी १५ ते ३५ टक्के, ती यात मिळू शकते. फायदा होईलच असं नाही, खाण्याच्या धंद्यातही लोक बुडतात, पण बुडालास तर निदान तुझ्या चुकीने बुडशील, आणि ती चूक दुरुस्त करायचे रस्ते उघडे असतील.

एवढं सांगूनही विडीच काढायची असेल, तर नोकरी सोडू नकोस. आधी एखाद्या चालू, लायसन असलेल्या छोट्या कारखानदाराचा माल होलसेलने घे आणि सहा महिने एका तालुक्यात फिरवून बघ, अक्कलकोट घे, नाहीतर मंगळवेढा. दोन लाखांच्या वर अडकवू नकोस. उधारी किती दिवसांनी वसूल होते, टपरीवाला स्वतःहून दुसऱ्यांदा मागतो का, आणि जुन्या ब्रँडचा एजंट आल्यावर तुझा कट्टा काउंटरवर राहतो की खाली जातो, हे लिहून ठेव. ते कागद घेऊन परत लिही मला, मग बोलू.

आणि तो पीएफ. कंसात लिहून सोडून दिलंयस, पण या सगळ्यात आधी व्हायला हवं असं काम ते आहे. विडीवाल्या बायकांचा पीएफ बहुतेक वेळा नावामुळे अडकतो, कारखान्याच्या रजिस्टरला एक नाव, आधारला दुसरं, माहेरचं आडनाव, जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. आधी आईचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) किंवा जुना पीएफ नंबर शोध, कार्ड नाही तर ब्रँचच्या मुनीमाकडे असतो. नाव-तारखेतला फरक जॉइंट डिक्लरेशनच्या अर्जाने दुरुस्त होतो, त्यावर मालकाची सही लागते, कारखाना बंद पडला असेल तर ते आधीच ऑफिसात सांग. दहा वर्षं भरली असतील तर नुसते पैसे काढून मोकळं होऊ नका, पेन्शन बघा, किमान हजार रुपये महिना आहे, कमी आहे पण तिचं आहे. पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ म्हणून कॅम्प घेतात, सुट्टी आली तर पुढच्या दिवशी. जवळचा कॅम्प कुठे आहे ते सोलापूरच्या ऑफिसात फोन करून विचार, आधार, बँक पासबुक, ब्रँचचं जे काही जुनं लॉगबुक असेल ते घे आणि आईला सोबत घेऊन जा, तिचा अंगठा-ओटीपी लागला तर परत चक्कर नको.